शटरच्या आतली समई

यजमान गेल्यावर त्यांचे पॅटर्न शॉप मी चालवायला घेतले, तेव्हा माझे वय चोपन्न होते. उचगावच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये फौंड्र्यांसाठी लाकडी नमुने बनतात. नमुना वाळूत दाबायचा, वाळूत त्याची जी पोकळी उमटते तिच्यात वितळलेले लोखंड ओतायचे, एवढेच मला त्या धंद्याविषयी ठाऊक होते. त्याआधीची सारी नोकरी मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. हळू बोलणे ही तिथे शिस्त मानली जाई. माझ्या बाबतीत तो केवळ स्वभाव होता. शेडमध्ये लाकूड कापायची मोठी पट्टीकरवत चालू असताना शेजारच्या माणसालाही माझे बोलणे ऐकू जात नसे, आणि ती बंद असतानाही मी फारसे काही बोलत नसे.

काम न येणारी माणसे वाचत बसतात. मीही दाराजवळच्या अग्निशामक सिलिंडरसोबत आलेली माहितीपुस्तिका वाचली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टीही न काढता, तशीच होती. कोरडा बारीक भुसा कसा पेट घेतो, थिनरची वाफ जमिनीलगत कशी पसरते, पॉलिशच्या चिंध्यांचा ढीग कुणी काडीही न लावता आतल्या आत कसा तापत जातो, हे त्या पातळ कागदांवर शांतपणे लिहिले होते. पुस्तिका मिटून मी समोर पाहिले. भुसा, थिनर, चिंध्या, तिन्ही गोष्टी एका नजरेत मावत होत्या. आणि शेडची मागची भिंत ज्या घराची होती, त्या घरात पाळण्यातले मूल रडताना मला रोज ऐकू येई.

त्या दिवसापासून भीती माझ्यासोबत कामावर येऊ लागली.

मी ती कुणापाशी बोलले नाही. शेडमध्ये तिघे होते. दोन कारागीर आणि त्यांच्यावर मिस्त्री. मिस्त्रींच्या मुसलमान घराण्यात सुतारकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. यजमानांनी धंदा मांडला त्या पहिल्या दिवसापासून ते आमच्याकडे. लाकडावर नुसता हात फिरवून ते कुठे किती उतरवायचे ते सांगत. अशा माणसाला मी, पुस्तिका वाचून, काय शिकवणार होते? मी फक्त लवकर जाऊन भुसा झाडून घेई. थोरला कारागीर एकदा म्हणालाच, की वैनी झाडूवाल्या बाईच्या पोटावर पाय आणणार. सगळे हसले. मीही हसले, कारण तेवढ्यावर ते निभावले होते.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी यंत्रे आणि हत्यारे पुजायची, काम बंद ठेवायचे. सकाळी मिस्त्रींनी स्वतः झेंडूचे हार आणले. पट्टीकरवतीला कागदी पताका बांधल्या. रंधे, पटाशा, कंपास पाटावर मांडले. पूजा मी केली. यजमानांच्या वेळची पितळी समई मिस्त्रींनी कपाटातून काढून पुसली, तेलाने काठोकाठ भरली आणि यंत्राच्या पायाशी, थेट फरशीवर ठेवली. पेढे वाटून झाल्यावर सगळ्यांनी हात धुतले, आणि मला वाटले, आता कुणीतरी समईचे काहीतरी करील. कुणी काही केले नाही. या दिव्याला फुंकर घालायची नसते, तेल संपून तो आपला आपण शांत व्हावा लागतो, असे धाकटा कारागीर मला समजावत म्हणाला. मिस्त्रींनी शटर ओढले. खाली येताना त्याच्या फटीतून ज्योतीचा पिवळा उजेड शेवटपर्यंत दिसत होता.

तेव्हाच बोलायला हवे होते. पण यांची श्रद्धा, आणि ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना जाऊन वर्षही झालेले नाही; वर मी ठरले या शेडमधली सर्वांत नवखी. जिभेवर आलेले वाक्य मी तसेच गिळून टाकले आणि घरी आले.

ताट वाढून घेतले, पण घास उतरेना. भिंतीपलीकडचा पाळणा डोळ्यांसमोरून हलेना. दुपारी अडीचच्या सुमारास मी रिक्षा केली.

लांबूनच शटर अर्धवट वर उचललेले दिसले. कुणाला धूर दिसला असणार, त्याशिवाय सणाच्या दिवशी कोण उघडील? मी वाकून आत शिरले. धूर नव्हता. थिनरचा वास होता, समई तेवत होती, आणि तिच्यासमोर, वाळूची बादली पायांत धरून, मिस्त्री स्टुलावर बसले होते. त्यांची हनुवटी छातीवर टेकलेली. पहाटेपासून राबलेला माणूस बसल्या बसल्या झोपला होता.

वास जावा म्हणून त्यांनी शटर उचलून ठेवले असावे. त्याच फटीतून वारा येत होता. त्याने ज्योत आडवी होई, आणि त्यानेच एका पताकेची गाठ सैल करून तिचे टोक खाली आणले होते. टोक तपकिरी झाले होते. हात पोचेल अशा अंतरावर पॉलिशच्या चिंध्यांचा डबा, उघडा.

मला ओरडता आले नाही. मी त्यांच्या पायांतल्या बादलीत दोन्ही हात घातले आणि ओंजळभर वाळू समईवर टाकली. मग आणखी एकदा. मग ज्योत दिसत नव्हती तरी तिसऱ्यांदा.

मिस्त्री दचकून उठले. त्यांनी आधी पाहिली ती पताका नव्हे. पाहिली ती वाळूने भरलेली समई.

"वैनी, ह्ये काय केलासा? मालकांची समई ती."

मी पताकेकडे बोट दाखवले. ते टोक त्यांनी हातात घेतले, चुरगाळले, बोटांना लागलेला करपलेला चुरा पाहिला आणि परत स्टुलावर बसले.  

मग त्यांनी सांगितले. दर खंडेनवमीला सगळे गेल्यावर ते मागे फिरत आणि दिवा शांत होईपर्यंत असेच बसत. यजमानांनाही ते कधी कळले नाही. तरुणपणी ज्या शेडमध्ये ते काम शिकले, ती त्यांनी जळताना पाहिली होती. त्यानंतर मिटलेल्या शटरमागे दिवा ठेवून त्यांना जेवण जात नसे. मी विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीत.

"मी कसं सांगणार, वैनी? पूजा तुमची. माझ्या तोंडनं 'दिवा नगो' ह्ये कसं दिसंल, तुमीच सांगा."

मी या सगळ्यांच्या श्रद्धेला घाबरून गप्प राहिले होते आणि ते माझ्या. आज मला घरी झोप लागली असती, तर आम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखता राखता ती भिंत पेटू दिली असती.

"तुमी सांगा त्यास्नी," ते म्हणाले. "तुमी म्हणलासा तर हुतंय."

दसऱ्यानंतर शेड उघडली तेव्हा मी तिघांना यंत्रे सुरू करण्याआधी थांबायला सांगितले. वाक्य मी घरून पाठ करून नेले होते. पुढच्या वर्षीपासून समई बाहेर अंगणात, दगडी कट्ट्यावर लावायची, आणि कुणीतरी जागे राहून तिच्यापाशी बसायचे. मिस्त्री खाली पाहत होते.

"व्हय की," थोरला कारागीर म्हणाला. "आमाला वाटायचं तुमच्या घरचं हाय म्हणून आत ठेवायचं. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

एवढेच. मला हायसे वाटेपर्यंत त्याने पुढचे विचारले.

"मग वैनी, उदबत्तीचं काय करायचं?"

कोणती उदबत्ती, हे मला कळेना. त्याने मानेने मेन स्विचच्या बोर्डाकडे खूण केली. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी धाकटा कारागीर एक उदबत्ती ओवाळे आणि बोर्डाच्या फटीत, वायरींच्या मधोमध, खोचून ठेवी. इतके महिने मी तिचा वास घेतच आत येत होते. त्या फटीवर बोटभर रुंद काजळी धरली होती, आणि आजची काडी अजून अर्धी जळायची होती.

या प्रश्नाचे उत्तर मी पाठ करून आणले नव्हते. मी पुढे झाले, ती काडी फटीतून ओढून काढली, आणि हातात धरून तशीच बाहेर अंगणात चालत गेले.