बाहुलीचे खरे केस

तात्यांचं सलून सुटलं ते हात थरथरायला लागले म्हणून. उभा जन्म लोकांची डोकी भादरण्यात गेलेला. पण वस्तरा गळ्याला टेकलाय आणि हात लटपटतोय, अशा माणसापुढे कोण मान देणार? कुणी काही बोलायच्या आत तात्यांनीच एके दिवशी वस्तरा पुसून ठेवला आणि घरी आले.

घरी बसलेला माणूस सुनेच्या पायांत येतो. दोन-चार दिवस तिनं सोसलं. मग आपल्या मुलीची, केसांच्या जटा झालेली बाहुली तात्यांच्या मांडीवर टाकून ती म्हणाली, "हिला माणसात आणा बघू. हिचा गळा कापला गेला तरी पोलीस येणार नाहीत."

तात्यांनी बाहुली माणसात आणली. मग शेजारणीची आली, शेजारणीच्या बहिणीची आली. जुन्या बाजारातून मुलांसाठी बाहुल्या घेणारे लोक जिना चढून यायला लागले. गॅलरीत टेबल आलं. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी अंगावरचा चिकटा निघायचा. गालावर पेनाच्या रेघा असल्या तर त्यांवर तोंडावरच्या मुरमांचं मलम फासायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि बाहुलीला उन्हात ठेवायचं. ऊन रोज थोडी थोडी शाई खातं. केसांना उकळतं पाणी. हात थरथरले तरी फणी टोकाकडून वर न्यायची सवय हातांतून जात नाही.

एकदा बसमधली कंडक्टरबाई खाकी गणवेशातच आली. तिनं पिशवीतून बाहुली काढली. गुबगुबीत गाल, एका गालावर निळ्या रेघोट्यांचं जंगल, अंग मेणचट आणि डोक्यावर केसांचा नुसता बोळा.

"पोरीला दाखवलेलीच नाही अजून," ती म्हणाली. "आधी आंघोळ, मग ओळख."

अंग स्वच्छ निघालं. गाल उन्हात उजळत चालला. मग तात्यांनी केसांवर गरम पाणी ओतलं आणि ते थांबले. नायलॉनचे केस उकळत्या पाण्यात लुळे पडतात, बोटांना दोऱ्यासारखे लागतात. हे केस पाणी प्यायले. जड झाले. बोटांना जे कळलं ते डोक्याला पटेना. त्यांनी एक केस उपटून काडीनं पेटवला. तोच जळक्या केसांचा वास, सलूनमधला.

"अगं, हे माणसाचे आहेत," ते सुनेला म्हणाले.

"तात्या, उन्हात बाहुलीऐवजी तुम्हीच बसला होतात का?"

तिला पटावं म्हणून त्यांनी बाहुलीची मान गरम पाण्यात धरून मऊ केली आणि डोकं अलगद उपसून काढलं. आत बघितलं तर प्रत्येक भोकाशी बारीक गाठ. कुणीतरी सुईनं, चार-चार केस ओवून, सगळं डोकं भरलं होतं. सून वाकून बघत राहिली.

ऐकून कंडक्टरबाई दोन पावलं मागे सरली. "कुणाचे असतील? गेलेल्या माणसाचे तर नसतील ना? माझी पोर हिला कुशीत घेऊन झोपणार हो! काढून टाका, साधे लावा." जिन्यापर्यंत जाऊन ती परत आली. "नको, थांबा. एवढं कुणी केलंय म्हणजे काहीतरी असणार. तुम्हीच बघा काय ते."

काय बघायचं, हे तात्यांना कळत नव्हतं. तरी ते जुन्या बाजारात गेले. तिला बाहुली विकणाऱ्या दुकानदाराला ती आठवत होती. शिलाईच्या दुकानावरच्या घरातून खोकं आलं होतं.

त्या घराचं दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. बाहुली म्हणताच तिनं तात्यांचा हातच धरला. "सापडली? अहो, रद्दीबरोबर चुकून गेली! माझ्या लेकीचे केस आहेत ते. तिला मोठं दुखणं झालं होतं. औषधांनी केस जाणार म्हणून डॉक्टरांनी आधीच कापायला सांगितले. मी ते तिच्या लहानपणीच्या बाहुलीत ओवले. एक-एक. उद्या आणाल ना?"

"आणतो की," तात्या म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. सुटलं कोडं.

ते जिना उतरत होते, तोच मागून चपला वाजल्या. तिशीची एक बाई, डोक्यावर आखूड कुरळे केस.

"काका, आणू नका ती. चुकून नाही गेली. मी दिली."

तात्या दोन पायऱ्या परत वर आले.

"मी टक्कल घेऊन समोर बसलेली असायचे आणि आई त्या बाहुलीची वेणी घालायची. रोज सकाळी. आता मी बरी झाले, हे केस आले, तर आई म्हणते, हे तुझे नाहीत, तुझे सरळ होते. तुझे तर बाहुलीला आहेत. देताना चिडून मीच बाहुलीचा गाल पेनानं गिरगटला, केसांचा बोळा केला, या वयात!" ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "आईला मात्र सांगू नका."

तात्या घरी आले ते बुचकळ्यात पडूनच. जेवताना भाजी समजून चटणीच वाढून घेतली. इकडे आड, तिकडे विहीर. केस जिनं ओवले तिचे की जिच्या डोक्याचे तिचे? आणि ती बाहुली तर रीतसर विकत घेतलेली, तिसऱ्याच बाईच्या लेकीची.

"तुमच्या सलूनमध्ये आई मुलीला घेऊन यायची," सगळं ऐकून सून म्हणाली, "तेव्हा किती कापायचे, हे कुणाचं ऐकायचात?"

"लहान असेल तर आईचं. मोठी असेल तर खुर्चीत बसणारीचं."

"मग?"

"मग काय? आईही मागे उभी राहून रडायचीच की. तेव्हाही मला कळायचं नाही कुठं बघावं."

तात्यांनी शेवटी लेकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली तिला गाठून म्हणाले, "बाहुली आणत नाही. पण आईला तू सांग. खोटं मला पेलवणार नाही." तिनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, तेही त्यांना नीट कळलं नाही.

कंडक्टरबाईला त्यांनी सगळं सांगितलं. "बरी आहे ना ती आता?" तिनं विचारलं. "ठणठणीत," तात्या म्हणाले. "मग राहू देत तेच," असं म्हणून तिनं बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवीत न ठेवता कडेवरच घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात म्हातारी आली. गॅलरीत उभी राहून तिनं टेबलावरच्या सगळ्या बाहुल्या बघून घेतल्या.

"लेकीनं सांगितलं मला सगळं. पण तुम्ही कोण हो ठरवणारे?"

तात्यांनी हातातली बाहुली खाली ठेवली. "कुणी नाही," ते म्हणाले. "चुकलं असेल माझं."

ती टेबलाशी बसली. सुनेनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग तिनं विचारलं, "गुंता निघाला का सगळा? कापावे नाही ना लागले?"

"एकही नाही कापला."

"कालपासून ती मला डोक्याला तेल लावू देते," म्हातारी म्हणाली. "कुरळ्या केसांत फणी अडकते. कशी फिरवायची?"

तात्यांनी फणी घेतली आणि समोरच्या एका कुरळ्या बाहुलीवर दाखवलं, टोकाकडून वर, थोडं थोडं. ती वाकून बघत होती. ती रागावलेली आहे की शांत झाली आहे, हे तात्यांना ती जिना उतरून गेल्यावरही सांगता आलं नाही. सुनेनं विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "मला काय ठाऊक?"