लॉबीपासून जमिनीपर्यंत

आमच्या समोरच्या दारात राहणारा उन्मेष दाणी चेन्नईत सिरुसेरीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही बरेच दिवस कळलं नव्हतं. शेवटी तिनेच एकदा मला समजावून सांगितलं, "अहो, लोक जास्तीचं मागतात ना, त्यांना हा नाही म्हणतो. त्याचा पगार मिळतो."

माणूस नाशिकचा, चाळिशीचा, सरळ भांग, सरळ चालणं. कंपनीत म्हणे गिऱ्हाइकाने आयत्या वेळी एखादं बटण वाढवायला सांगितलं की हा शांतपणे म्हणतो, "स्कोपमध्ये नाही," म्हणजे ठरलेल्या कामात ते बसत नाही. हे घरी येताना तिथंच सोडून यावं की नाही? नाही. ऋचाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दही आणायला पाठवलं तर हा दही आणतो. दुकानात असताना तिने फोन करून कढीपत्ता सांगितला तर तो आणत नाही, कारण तो 'नंतर आला'. दुसऱ्या मुलाचा विषय मी एकदा गमतीने काढला, तर ऋचाच म्हणाली, "काकू, ते फेज टूमध्ये आहे." काकू! मी पन्नाशीची, बँकेत अजून रोज सही करते आणि ही मला काकू म्हणते. असो.

उन्मेषची आई जयवंतीबाई मात्र कुठल्याही कागदात न मावणारी बाई. आमच्या मेडवाक्कमच्या या इमारतीत येऊन आठवडा झाला नाही तोच तिने सुतार बोलावला. बिल्डरने दाराला उंबरठाच दिला नव्हता, नुसती ग्रॅनाइटची पट्टी. "उंबरठ्याशिवाय घर म्हणजे बस स्टँड," असं म्हणून तिने चांगला चार बोटं उंच सागवानी उंबरठा बसवून घेतला; तिचं बघून मग इमारतीत बऱ्याच जणांनी बसवले. उन्मेष म्हणाला, "आई, इंटीरियरच्या स्कोपमध्ये हे नव्हतं." ती म्हणाली, "तूही नव्हतास, पण झालास ना?"

संध्याकाळी पाच वाजता गेटाशी फुलवाली पूक्कारम्मा टोपली घेऊन बसते. इकडे गजरा हातावर मोजून विकतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. पूक्कारम्माचा हात आखूड, जयवंतीबाईंचा लांब. त्यामुळे रोज भांडण ठरलेलं. "उन कै चिन्नं, हात छोटा तुझा! माझ्या हाताने मोज!" असं अर्धं तमिळ, अर्धं नाशिक ऐकायला आम्ही गॅलरीत उभे राहायचो.

मग जयवंतीबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड, ऑपरेशन. अँब्युलन्सच्या माणसांनी स्ट्रेचरवरून घरात आणून ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरात वॉकर धरून चार पावलं चाला, बाहेर जायचं तर चाकाची खुर्ची, आणि पाय उचलून काही ओलांडायचं नाही.

आता आमची लिफ्ट उतरते ती लॉबीत, आणि पुरानंतर लॉबी उंच करून घेतल्यामुळे तिथून पार्किंगला तीन पायऱ्या. देवेश म्हणाला, "त्यात काय, दोघे मिळून खुर्चीसकट उचलू." देवेश तिसऱ्या मजल्यावरचा, ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे, दंड भरलेले. जयवंतीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"स्ट्रेचरवरून एकदा उचललीत तेवढं पुरे. आता एकदाच उचलायचं राहिलंय. तेव्हा ये."

झालं. बाई खाली येणार तर स्वतःच्या चाकांवर, आणि गजरा घेणार तर स्वतःच्या हाताने मोजून. तोवर ऋचा आणायची तो गजरा त्या हातावर धरून बघायच्या, "चार बोटं कमी," म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. हळूहळू गजरा आणू नको म्हणाल्या. भांडणाऱ्या बाईचा आवाज बंद झाला की मजल्यावर फार शांत वाटतं. मला ती शांतता आवडेना.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पायऱ्यांशेजारी उतार करायचा. साधा सिमेंटचा उतार. तर वरच्या मजल्यावरची शर्मिष्ठा म्हणाली, माझ्या ओट्याचा ग्रॅनाइट उरलाय, तो लावा. देवेश म्हणाला, खोदताय तर गाडी चार्ज करायचा पॉइंट काढून घ्या. तळमजल्यावरच्या बालाजीरावांना उताराच्या कडेला पिल्लैयारसाठी, म्हणजे गणपतीसाठी, कोनाडा हवा होता. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा म्हटलं, कडेला एक कट्टा करा, गुडघे टेकायला बरं. दोन महिने मीटिंगा चालल्या. उताराच्या चित्रात चार्जिंग, गणपती, ग्रॅनाइट, कट्टा, दिव्यांची माळ सगळं आलं. उतार तेवढा कोपऱ्यात राहिला.

तेव्हा उन्मेष उठला. त्याने नोटीस बोर्डावर एकच ओळ लावली: 'लॉबीपासून जमिनीपर्यंत एक उतार. बाकी काही नाही.' खाली बारीक अक्षरात: बदल हवा असल्यास विनंती लेखी द्यावी, समितीने मान्य केल्यासच विचार होईल. समिती म्हणजे कोण? उन्मेष.

शर्मिष्ठाचा ग्रॅनाइट गेला, देवेशचा पॉइंट गेला, पिल्लैयार परत गेले. माझ्या कट्ट्याला त्याने 'ऐच्छिक सुखसोय' असं नाव देऊन मारलं. बालाजीराव मात्र पुन्हा आले. ते तंजावरकडचे जुने मराठी, आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त, त्यांच्या पणजोबांचं मराठी अजून त्यांच्या तोंडात आहे आणि त्यावर तमिळची फोडणी.

"कण्णा, बाहेरचा उतार जाहला, सरी. घरचा उंबरा कोण पाहील पा? माझी बायको परवा त्यावरच अडखळून पडली. सगळ्या दारांशी लहान उतार कर ना."

"राव, स्कोप लॉबीपासून सुरू होतो."

"मनुष्य लॉबींत उगवतो काय?"

उन्मेष हसला आणि विनंतीवर लाल शाईने काट मारली. मग दहा दिवसांत उतार झाला. नेमका, सुबक, सांगितल्याइतकाच. खरं सांगते, कौतुकच वाटलं.

शनिवारी पाचला उद्घाटन. शर्मिष्ठाने उरलेल्या साडीच्या काठाची फीत बांधली. पूक्कारम्मा टोपली घेऊन आत आली, आपला आखूड हात पदरात लपवून उभी राहिली. देवेश मोबाइल धरून तयार. लिफ्टचा दिवा काही लागेना. शेवटी मी आणि बालाजीराव वर गेलो.

जयवंतीबाई नवं लुगडं नेसून, केस नीट बांधून खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पाकीट. खुर्चीची पुढची चाकं त्यांच्याच सागवानी उंबरठ्याला टेकलेली. मागे उन्मेष दांडे धरून घामाघूम.

"आई, एवढंसं आहे. मी मागून जरा उचलतो."

"उचलायचं नाही."

"तिरकी करतो फक्त."

"तिरकी केली की माणूस उचलल्यासारखाच दिसतो. सगळी इमारत खाली उभी आहे." मग आवाज एकदम खाली आला. "राहू दे रे उन्या. मला वाटलंच होतं. चल, लुगडं सोडते."

उन्मेषचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता, तरी मी बघितला. कंपनीत हजार माणसांना नाही म्हणणारा गडी आपल्याच दाराच्या आत अडकला होता. तो बालाजीरावांकडे वळून म्हणाला, "राव, तुमचं ते... लहान उतारांचं..."

बालाजीरावांनी चष्मा वर केला. "लेखी द्या. समितीपुढे ठेवूं."

ऋचा आत पळाली, ती हसायला की रडायला ते कळलं नाही. मी माझ्या घरात गेले आणि सणाला जेवायला काढतो ते चार पाट घेऊन आले. दोन आतून, दोन बाहेरून उंबरठ्यावर तिरके टेकवले, एकेका चाकाखाली एकेक. "राव, आतले धरा. उन्मेष, ढकल. उचलू नको, ढकल."

पाट करकरले. खुर्ची चढली, उंबरठ्यावर क्षणभर थांबली. जयवंतीबाईंनी डोळे मिटले आणि सवयीने वाकून उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावला. मग त्या बाहेर उतरल्या.

खाली फीत कापायची राहूनच गेली, कारण बाई ती चाकाखाली घेऊन थेट पूक्कारम्मापाशी गेल्या. "उन कै चिन्नं!" पार्किंगमध्ये आवाज घुमला. तीन मुळम मोगरा स्वतःच्या हाताने मोजून झाला, वर चार बोटं जास्त ओढून घेतली गेली. पूक्कारम्मा शिव्या देत हसत होती.

गजरा माळून जयवंतीबाईंनी उताराकडे पाहिलं. "छान झालाय. पण उन्या, धरायला कठडा हवा. आणि इथं कडेला एक बाक. मी काय कायम खुर्चीतच बसू?"

उन्मेष म्हणाला, "हो आई. सोमवारी माणूस बोलावतो."

देवेशने मोबाइल खाली केला. "दाणी सर, फॉर्म?"

"ग्रॅनाइट अजून पडलाय माझ्याकडे," शर्मिष्ठा हळूच म्हणाली. बालाजीरावांनी हात जोडले आणि कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "पिल्लैयारा, ये पा."

मी बाकाची जागा नजरेने मोजून घेतली. कट्टा काय आणि बाक काय, माझ्या गुडघ्यांना दोन्ही सारखंच. लिफ्टमधून खाली येताना जयवंतीबाईंच्या कानाशी मी काय बोलत होते, हे उन्मेषने अजून मला विचारलेलं नाही. त्याच्या स्कोपमध्ये ते नव्हतं.