धुक्यातलं गाव आणि अम्मी

अब्बांनी कुवेतहून पनवेलला व्हिडिओ गेम आणला, तो भाईसाठी. त्यात धुक्यात बुडालेलं एक ओसाड गाव होतं आणि तिथून जिवंत बाहेर पडायचं होतं. भाई आणि त्याचे दोस्त पडक्या इस्पितळापर्यंत जायचे. तिथे अंधारातून काहीतरी सरपटत आलं की टीव्हीच बंद करायचे. मी खेळायला मागितलं की भाई म्हणायचा, "तू किंचाळशील."

एका दुपारी ते क्रिकेटला गेले आणि मी खेळायला बसले. किंचाळलेही. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, पाठोपाठ शेजारची चाची.

"मुलीच्या जातीला हे भुताखेतांचे खेळ कशाला? उद्या हिचं लग्न करायचंय," चाची म्हणाली.

"लग्न उद्या ना, चाची? मग आज खेळू दे," असं म्हणत मी पुन्हा सुरुवात केली.

मला वाटलं, आता अम्मी ओरडणार. पण ती पिठाच्या हातांनीच माझ्या शेजारी बसली. "पळतेस काय? मागे वळ आणि हाण त्याला!"

चाची पुटपुटत निघून गेली.

काही दिवसांतच आम्ही दोघी त्या गावातून बाहेर पडलो. भाईने इस्पितळातून सुटायची वाट विचारली, तेव्हा मी कंट्रोलर सोडला नाही. "बस इथे," म्हटलं, "आणि बघ."