परात पळू नये म्हणून

तिसगावात पंक्चर काढणारे चौघे आहेत, पण पंक्चर काढता काढता विचार करणारे रज्जाकभाई एकटेच. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांच्या विचारांचा पहिला मार मलाच बसतो.

गेल्या वर्षी त्यांनी दुकानामागच्या घराला नवं स्वयंपाकघर बांधलं. खाली पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी टाइल. इतकी गुळगुळीत घेऊ नका, असं मी सांगितलं होतं. माझं कोण ऐकतंय? पहिल्याच दिवशी शरिफाभाभी बाजरीचं पीठ मळायला बसल्या, तर परात सरकत सरकत दारापर्यंत गेली आणि तिच्यामागे भाभी. परात पायानं दाबून धरावी तर गुडघा बोंबलतो. दुसऱ्या दिवशी भाभींनी पीठ उचललं आणि परसातल्या जुन्या चुलीपुढे, मातीत, परात मांडली. नव्या खोलीत नुसता चहा व्हायला लागला.

रज्जाकभाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. एवढ्या हौसेनं बांधलेल्या खोलीत बायको बसत नाही, हे दुःख ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. काही झालं तरी भाभींना आत आणायचंच, असं त्यांनी ठरवलं.

रबर हाताशी होतंच. पहिली रिंग ट्रॅक्टरच्या ट्यूबची. परात हलली नाही, पण भाकरीला टायरचा वास यायचा. हे मी खाऊन सांगतोय. दुसरी त्यांनी पंक्चरच्या सोल्युशननं परातीच्या बुडाला चिकटवली आणि ओली असतानाच परात खाली ठेवली. संध्याकाळी पान्यानं उचकटली, तर सोबत टाइलही वर आली. तिसरी मोटारसायकलच्या ट्यूबची, आठवडाभर सोड्याच्या पाण्यात भिजवलेली, खाचा पाडलेली. रिंग खाली, परात वर. आळीतल्या श्रीमंत नावाच्या पैलवानाला ढकलायला लावलं. परात जागेवर राहिली, पैलवान मागे घसरला.

मग काय विचारता! ‘परातरोक’ नावाची पत्रकं मीच काढून दिली. आळीतल्या तीसेक घरांत टाइल होती. रज्जाकभाईंनी प्रत्येक घरी एक रिंग फुकट वाटली. शेजारच्या सुमनबाईंच्या सम्राटनं तर खास येऊन हात मिळवला. “चाचा, आता आईला आतच बसवतो. बाहेर धुराचा लई ताप होता.”

आठवड्यानं मला जेवायला बोलावलं, शोध डोळ्यांनी बघायला. भाभी टाइलवर बसून भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होत्या. परात गप्प, भाभीही गप्प. माझी पाचवी भाकरी झाली तरी कुणी आग्रह केला नाही. या घरात असं कधी घडलं नव्हतं.

“सांग की यांना, कसं वाटतंय,” रज्जाकभाई म्हणाले.

“परात हालत न्हाई,” भाभी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी हात थांबवले. “बाहीर बसले की कुडापलीकडं सुमन असायची. ती तिच्या भाकऱ्या थापायची, मी माझ्या. ल्योक, सुना, दुखनं-खुपनं, समदं तिथंच बोलायचो. आता ती तिच्या घरात अन् मी या भिंतीम्होरं. आठ दिस झाले, तिचं तोंड बघितलं न्हाई.”

“मंग परात पळती म्हनायचीस ते?”

“पळतच हुती. खोटं न्हाई बोलले. पन आत बस असं कुनी म्हनलं की सांगायला बरं पडायचं. सुमन बी तेच सांगायची.”

रज्जाकभाईंचा घास हातातच राहिला. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, पण ते मी ताकाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते पोतं घेऊन घरोघरी फिरले. “मालात दोष निघालाय. रबर पोटाला वाईट. परत द्या.” बायका इतक्या चटकन देत होत्या की आणखी चार दोष रज्जाकभाईंच्या तोंडातच राहिले. आळीच्या टोकाच्या लंकाबाईंनी तर दोष कसला तेही विचारलं नाही.

संध्याकाळी सम्राट दुकानापुढे आला. त्याच्या आईनं पुन्हा कुडाशी चूल पेटवली होती. “चाचा, राग मानू नका, पन असला उद्योग तुमचा न्हाई. लोकांच्या पोटाशी खेळ व्हय?” टपरीवरची पोरं हसली.

माझं डोकं तापलं. मी बोलायला उठलोच, तर रज्जाकभाईंनी माझा दंड धरला.

“चुकलंच रं बाबा,” ते सम्राटला म्हणाले. “आपल्याला पंक्चरच बरं.”

घरामागून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. रज्जाकभाईंनी माझ्याकडची उरलेली पत्रकं मागून घेतली आणि कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांचे नंबर लिहायला बसले.