कारण नसलेली ओळ

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद कोणी वाचत नाही, असं तुम्हाआम्हाला वाटतं. बाई मात्र गेली एकवीस वर्षं तोच वाचत होत्या, छापायला जाण्याआधी, पगार घेऊन. कुठलं औषध किती घ्यायचं, कधी घ्यायचंच नाही, हे डोळ्यांत तेल घालून तपासायचं आणि खाली सही ठोकायची. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘भिंग’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाकीचे लोक संगणकावरचा मजकूर तपासायचा प्रोग्राम, म्हणजे एडिटर, जसा मिळाला तसा वापरत. बाईंनी आपला एडिटर नव्या घरासारखा हौसेने लावला होता. पार्श्वभूमी फिकट राखाडी, आकडे निळे, दशांशचिन्ह लाल. आकड्यापुढे ‘मिली’ किंवा ‘ग्रॅम’ राहून गेलं की ओळ अधोरेखित करणारं प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडायचं छोटं उपकरण, तर त्यांनी स्वतः धडपडून शिकून बसवलेलं. या साऱ्या सेटिंगची एक फाइल होती आणि तिचा नियम कडक होता: प्रत्येक ओळीपुढे बदलाची तारीख आणि कारण. ‘आकडे निळे. कारण: काळ्या मजकुरात हरवतात.’ कारणाशिवाय बदल करणारा माणूस बाईंच्या लेखी दारुड्याइतकाच बेभरवशाचा.

एका सोमवारी कागदाच्या शेवटची नेहमीची सूचना स्क्रीनवर चार ओळींऐवजी पाच ओळींत गेली. ‘मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा’पासूनचा तो मजकूर वर्षानुवर्षं चार ओळींतच बसत आला होता. बाईंनी शब्द मोजले. एकही वाढला नव्हता. मग सेटिंगची फाइल उघडली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. अक्षराचा आकार चौदाचा सतरा झाला होता. पुढे तारीख नाही, कारण नाही.

पहिला संशय साहेबांवर. सगळ्यांची सेटिंग एकसारखी करू या, असं त्यांचं दोन महिने टुमणं चाललं होतं. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. जुन्या माणसाला घालवायचं तर आधी त्याचं काम बिघडवायचं आणि मग बोट दाखवायचं, हे त्यांनी दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. दुसरा संशय शेजारच्या टेबलावरच्या मांडणीवाल्यावर. बाईंची सही झालेला मजकूर कागदावर बसवायचं काम त्याचं. बारा वर्षांचा शेजार, पण हल्ली तो नजर चुकवायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी आकार पुन्हा चौदा केला. अक्षरं धुरकट दिसायला लागली.

“स्क्रीनपण बिघडवून ठेवली मेल्यांनी,” म्हणत बाईंनी ती पदराने पुसली. दोनदा पुसली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. “अगं, अक्षर मोठं केलं ना? कोणी काही चोरलं तर नाही?”

“आज अक्षर वाढवलंय, उद्या औषधाचा आकडा वाढवतील. सही माझी असते.”

“एक दिवस तू माझ्यावरपण संशय घेशील.”

“तुमच्यावर कधीचाच आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला आणि एक नवं प्लगइन बसवलं. सेटिंगच्या फाइलला कोणी हात लावला की ते गुपचूप वेळ नोंदवून ठेवायचं. बाईंनी त्याचं नाव ठेवलं ‘टेहळ्या’. गुरुवारी टेहळ्याने खबर दिली: एक वाजून दहा मिनिटं, चौदाचे साडेचौदा. म्हणजे बाई डबा खायला गेल्या तेव्हा. आणि फक्त अर्ध्याने! इतका सबुरीचा चोर बाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

शुक्रवारी डबा घेऊन त्या उठल्या आणि झेरॉक्स मशिनमागे जाऊन उभ्या राहिल्या. एक वाजून दहाला मांडणीवाला आला, त्यांच्या खुर्चीत बसला आणि बिनदिक्कत नवा पासवर्ड टाकला.

“काय चाललंय?” बाई कडाडल्या. “पासवर्ड कोणी दिला?”

तो दचकून उठला. “तुम्हीच, ताई. टाइप करताना तुम्ही तो पुटपुटता. रोज सकाळी ऐकतो मी.”

“साहेबांनी लावलंय ना हे करायला?”

आपल्या खणातून त्याने एक कागद काढून पुढे धरला. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा, खाली बाईंची सही. बाईंनी तो वाचला. डोळ्यांजवळ आणून वाचला, हात लांब करून वाचला.

“बरोबर तर आहे.”

त्याने एका आकड्यावर बोट ठेवलं. “अडीच मिली हवं होतं, ताई. मधलं टिंबच नाही. पंचवीस झालंय.”

बाईंनी विचारलं, “छापला?”

“नाही. मला मांडताना दिसलं. तीन महिने झाले. तेव्हापासून थोडं थोडं अक्षर वाढवतोय, तुम्हाला कळू नये इतकं. आणि तुमचा प्रत्येक कागद मागाहून वाचतोय.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. डोळे दाखवून घ्या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, आधी तुमची जीभ दाखवून घ्या.”

असं त्या म्हणाल्या होत्या. चांगल्या चारचौघांत, खो खो हसून म्हणाल्या होत्या. आता त्यांना शरमेने रडूच आलं.

“त्याच्या आधीचे?” पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं. “आधीचे माझ्या सहीचे कागद कोणी पाहिले?”

मांडणीवाल्याने मान खाली घातली. “ते कोणी नाही.”

“मग ते काढून पुन्हा तपासायला हवेत. साहेबांना सांगते.”

“ताई, नका. घरी बसवतील तुम्हाला.”

“सही माझी आहे,” बाई म्हणाल्या.

पण आधी त्या खुर्चीत बसल्या. सेटिंगची फाइल उघडली, आकार अठरा केला, पुढे तारीख घातली. मग कारण लिहिलं: ‘मला दिसत नाही.’ फाइल जतन केली आणि तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाल्या.