रंगीत मॉनिटर आणि सोनकांबळेची ॲम्ब्युलन्स

भूकंप झाला तेव्हा मी आर्मीच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसर होते. रँक कॅप्टन. सकाळच्या राउंडला रेडिओवर बातमी ऐकली आणि दुपारच्या आत हुकूम आला: फिल्ड हॉस्पिटल घेऊन लातूरकडे निघायचं. माझं माहेर निलंग्याचं. कमांडंट साहेबांनी विचारलं, "कॅप्टन, युवर पीपल?"

"येस सर."

"मग तुम्ही जा."

एवढंच. घरचे कसे आहेत ते विचारायला फोन लागत नव्हता. माझी माणसं वाचली होती, ते मला पुढे तिथे गेल्यावर कळलं. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ही गोष्ट त्यांची नाही.

सामान भरायला घेतलं. तंबू, स्ट्रेचर, प्लास्टर, एक्स-रे मशीन, जनरेटर. आणि एक कॉम्प्युटर. हसू नका. त्या काळात आमच्या हॉस्पिटलात दोनच कॉम्प्युटर होते आणि त्यातला कोणता न्यायचा यावर जेवढी चर्चा झाली तेवढी औषधांवरही झाली नाही.

कॉम्प्युटर कशाला, तर जखमी माणूस आमच्याकडे येणार, आम्ही प्लास्टर घालणार, गरज पडली तर ऑपरेशन करणार आणि पुढे पाठवणार. लातूर, सोलापूर, अंबाजोगाई, नांदेड, जिथे खाट रिकामी असेल तिथे. कुणाला कुठे पाठवलं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असायला हवं. मागून नातेवाईक येतात. येतातच.

कॉम्प्युटर मी माझी मीच शिकले. वॉर्डातल्या पेशंटची नोंद ठेवायला डेटाबेसचं सॉफ्टवेअर आलं होतं, त्याचं पुस्तक इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. चुकत चुकत हात बसला. त्यातून मला एक गोष्ट कळली होती, ती तुम्हाला साध्या शब्दांत सांगते. लाईट गेली की टीव्ही बंद पडतो, आली की पुन्हा सुरू होतो, मधलं काही बिघडत नाही. डेटाबेसचं तसं नाही. तो आत सतत लिहीत असतो. एकीकडे माणसाची माहिती, दुसरीकडे अनुक्रमणिका, म्हणजे कोणतं नाव कुठे आहे त्याचा पत्ता. लिहिता लिहिता लाईट गेली की नाव एकीकडे राहतं, पत्ता दुसरीकडे. लाईट आल्यावर मशीन छान सुरू होतं. तुम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे. आत मात्र सखारामच्या नावापुढे गयाबाईची जखम लागलेली असते.

तर दोन मशीन होती. एक जुनं, सूटकेससारखं. झाकण उघडलं की आत लहानसा पडदा, काळापांढरा. मंद इतकं की एक नाव शोधायला दिलं तर तोवर तुम्ही इंजेक्शन भरून घ्यावं. पण आत त्याची स्वतःची बॅटरी. दुसरं नवं: मोठा डबा, मोठी हार्ड डिस्क, रंगीत मॉनिटर.

मी जुनं मागितलं. आमच्या तुकडीचे मेजर साहेब हिंदीत बोलायचे, मी मराठीत लिहिते.

"कॅप्टन, तिथे मंत्री येणार, प्रेस येणार. त्यांना हे खोकं दाखवायचं?"

"सर, तिथे लाईट नाही. जनरेटरवर एक्स-रे लागला की व्होल्टेज बसणार. नवं मशीन ते सोसणार नाही."

"यूपीएस देतो. हॅपी?"

यूपीएस म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ मशीन जिवंत ठेवणारी बॅटरीची पेटी. मी म्हणाले, "सर, दोन्ही नेऊ." ट्रकमध्ये जागा नाही, असं उत्तर आलं. जागा होती. स्वागताच्या शामियान्याचे खांब बसले तेवढी.

नवं मशीन निघालं.

आता मी लातुरात राहते. माझ्या गल्लीत घरांपेक्षा क्लासेसच्या पाट्या जास्त. गेल्या उन्हाळ्यात ओळखीतला एक क्लासवाला आला. "मावशी, पोरांची हजेरी, मार्क, हॉस्टेल, सगळं एका कॉम्प्युटरवर घ्यायचंय. कोणता घेऊ?" मी विचारलं, "लाईट दिवसातनं किती वेळा जाते?" म्हणाला, "ते सोडा हो. रिसेप्शनला ठेवायचाय, पालकांना दिसला पाहिजे. स्क्रीन केवढा घेऊ ते सांगा." मी त्याला सांगितलं: बाबा, आधी वीज बघ, मग मशीन बघ. कमी वीज खाणारं घे, पोटात बॅटरी असलेलं घे, मंद का असेना. बॅटरीच्या बोर्डावर दुसरं काही लावू देऊ नको. आणि बॅकअप रोज त्याच जागी घेऊ नको, कालचा पुसून आजचा ठेवशील आणि आजचाच नासका निघेल. तो हो हो म्हणाला आणि जाऊन भिंतीएवढा स्क्रीन घेऊन आला. मशीन चालवणारा कोण आणि बघणारा कोण, यात आपण नेहमी बघणाऱ्याचं ऐकतो. तेव्हाही तेच झालं. म्हणून लिहायला बसले.

कॅम्प औशाच्या पुढे एका माळावर लागला. पाऊस थांबत नव्हता. माती अंगाला, भाकरीला, फ्लॉपीला, सगळीकडे. फ्लॉपीचा एकच खोका आणला होता, त्यातल्या चिखलाने गेलेल्या टाकल्या, उरलेल्यांवर रोज संध्याकाळी बॅकअप. रोज त्याच.

मशीनवर हवालदार क्लार्क रऊफ बसायचा. घराणं औशाचंच, वडिलांचं किल्ल्याजवळ शिलाईचं दुकान. त्याच्या तंबूला टेकून ॲम्ब्युलन्स उभी असायची, तिचा ड्रायव्हर सिद्धार्थ सोनकांबळे, हुद्दा नाईक, तालुका कंधार. परेडवर मला "मॅडम" म्हणायचा, गाडीत बसलं की "ताई". त्याचं तोंड कधी बंद नसायचं.

"रऊफभाई, तुमच्या डब्याला बी एक सलाईन लावा. लई आजारी दिसून राहिला."

"तू गाडी धू जाऊन. तिच्यात बसलेला पेशंट बरा व्हायचा तो आजारी पडायलाय."

"माझी गाडी लाईट मागत न्हाई, भाई. ढकलली की चालते."

एक्स-रे लागला की मॉनिटरचा रंग हिरवा व्हायचा, आम्ही श्वास धरायचो, यूपीएस टीं टीं ओरडायची, मग पुन्हा ठीक. पहिल्या दिवसांत प्रत्येक पेशंटची चिठ्ठी आम्ही कार्बन घालून दोन प्रतींत करायचो. एक त्याच्या मनगटाला बांधून पुढे जायची, एक आमच्याकडे राहायची. मेजर साहेबांनी ही आमच्याकडची प्रत बंद केली. "कॉम्प्युटर आणलाय कशाला? सगळं कॉम्प्युटराइज्ड आहे असं ब्रीफिंगमध्ये सांगणार आहे. ओल्या कागदांचे ढीग नकोत." मी ऑब्जेक्शन घेतलं. "नोटेड," ते म्हणाले. जुन्या प्रतीही शामियान्यामागे जाळल्या गेल्या.

मंत्र्यांची भेट दुपारी ठरली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा, मग बाकी सगळं. ज्यांचं घर आडवं झालं होतं त्या बायासुद्धा तीन दगडांवर पातेलं ठेवून म्हणायच्या, "सिस्टर, घोटभर घ्या." मग मंत्र्याला थांबवणार कोण? स्टोव्ह पावसाने विझत होता. मेजर साहेबांनी मेस वेटरला फर्मावलं, पाणी ताबडतोब. त्या बिचाऱ्याकडे पाणी तापवायचा रॉड होता. जनरेटरच्या बोर्डावर जागा नव्हती. एकच सॉकेट मोकळं दिसलं, यूपीएसचं. त्याने लावला.

मी ड्रेसिंग टेंटमध्ये होते. एक लांब टींऽऽ ऐकू आली आणि मग काहीच नाही. धावत गेले. मॉनिटर काळा. रऊफ हात वर धरून बसला होता, जणू हातांनीच काही केलंय. मंत्री महोदय दारात उभे. मेजर साहेब म्हणाले, "जस्ट अ फ्लक्चुएशन, सर." त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, पुढे गेले.

मशीन पुन्हा सुरू झालं. रंग सुंदर आले. रऊफने एक नाव शोधलं. सापडलं ते दुसऱ्याच माणसाचं. दुसरं शोधलं, गाव यादीतल्या खालच्या माणसाचं, जखम वरच्याची, हॉस्पिटलच्या जागी रिकामं. फ्लॉपी लावली. तीही तशीच. व्होल्टेजच्या आधीच्या हेलकाव्यांनी आतलं केव्हाचंच नासलं होतं आणि आम्ही ते नासकं रोज नीट जपून ठेवत होतो. पुढे पाठवलेल्या माणसांपैकी कोण कुठे, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी रुक्मिणबाई आली. डोक्याला पट्टी, चप्पल एकाच पायात. तिला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा शुद्ध नव्हती. तिच्या लेकीला, शेवंताला, तिच्या आधीच बाहेर काढलं होतं आणि आम्ही पुढे पाठवलं होतं. सहा वर्षांची. पाय मोडलेला. मला पोर आठवत होती. गाडी आठवत नव्हती.

"सिस्टर, माझी शेवंता कुठं धाडली?"

मी सांगितलं, "शोधायलोत, बाई."

"मशीनमधी बघा की. हे सगळे म्हणत्यात, मशीनमधी समद्यांची नावं हायत."

रऊफ तोंड फिरवून बाहेर गेला.

लातूरला वायरलेस केला. "सहा वर्षांची मुलगी, शेवंता, पायाला प्लास्टर, कन्फर्म. ओव्हर." उत्तर आलं: "इथे नाही. लहान मुलं इथे न उतरवता तुम्हीच थेट पुढे पाठवलीत. कुठे ते रेकॉर्ड तुमच्याकडे. ओव्हर." अंबाजोगाई आणि नांदेडची लाईन लागली नाही. सोलापूरला नव्हती.

सकाळी सोनकांबळे आला. गाडीचं बॉनेट गरम होतं. रात्रभर फेऱ्या झाल्या होत्या.

"ताई, मी नांदेडला जातो. वॉर्डावॉर्डांत फिरून आपली जेवढी माणसं हायत तेवढ्यांची नावं उतरवून आणतो. ह्या एका लेकराचं न्हाई, समद्यांचंच वांदं झालंय."

"झोपलास का?"

"झोप गाडीतच लागते मला," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "थट्टा केली, ताई. झोपलो घंटाभर."

मेजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे, पण बोभाटा नको. हे रेकॉर्ड गेल्याचं बाहेर कळता कामा नये." तो निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप आला. सिग्नलवाल्याने वाचून दाखवला: "शेवंता सापडली. नांदेड. पाय प्लास्टरमध्ये. आईचं नाव बरोबर सांगते. बाकी नावं उतरवली. परत निघतो. सोनकांबळे."

रुक्मिणबाईने माझ्या दोन्ही दंडांना धरलं. हाताचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

सोनकांबळे दिवेलागणीला औशापर्यंत पोचला होता. औशाच्या पुढे एका लहान पुलाचा कठडा पावसाने खचला होता. समोरून ट्रक आला. शहरातल्या लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी पाठवलेले जुने कपडे भरलेला. मदत म्हणून असले ट्रक रोज यायचे. ते कपडे कुणी घालत नव्हतं, रस्त्याकडेला भिजत पडायचे. सोनकांबळेने गाडी डावीकडे घेतली. तिथे पूल नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर ट्रकमधून सांडलेल्या साड्या, कोट, लग्नातली शेरवानीसुद्धा तरंगत होती. रऊफने त्याला बाहेर काढलं. मी नाडी बघितली. बघायची असते म्हणून बघितली.

शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. नावं, गावं, वॉर्ड. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. रऊफने ते मशीनमध्ये भरले नाहीत. कॅम्पच्या मधोमध उभा राहून मोठ्याने वाचले. लोक ऐकत होते आणि ज्याचं नाव आलं त्याचे नातेवाईक गर्दीतून बाहेर पडून एका बाजूला उभे राहत होते.

रुक्मिणबाईला दुसऱ्या गाडीने नांदेडला पाठवलं. चढताना तिने विचारलं, "ते डायवर दादा कुठायत? त्यांच्या पाया पडायचं होतं."

"ड्युटीवर गेलेत," मी म्हणाले.

मराठी बोलणारी ऑफिसर मी एकटीच, म्हणून त्याला कंधारला घेऊन मी गेले. घरी बायको, तान्हं बाळ आणि म्हातारे वडील. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली त्याचा युनिफॉर्ममधला फोटो. लोकांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. आमच्या जवानांनी सलामी दिली. सगळं झाल्यावर वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"लढाई कुठं चालू होती, म्याडम?"

"लढाई नव्हती, बाबा. भूकंपात हरवलेली एक मुलगी शोधायला गेला होता."

"कुणी हरवली?"

"आम्हीच पुढे पाठवली होती, बाबा. कुठे, त्याची नोंद आमच्याकडून गेली."

"म्हंजे सरकारनंच नेली लेकरं, आन् कुठं ठिवली ते सरकारलाच म्हाईत नव्हतं?"

"हो, बाबा."

"मग त्यापायी माझं गेलं."

चौकशी झाली. मी साक्ष दिली: मशीन, रॉड, जाळलेल्या प्रती, सगळं सांगितलं. अहवालात कारण आलं: पाऊस, खराब रस्ता, चालकाचा थकवा. कॉम्प्युटरपुढे शेरा होता, सुस्थितीत. मेजर साहेबांना मदतकार्यात संगणकाचा वापर केल्याबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं.

आमच्या युनिटच्या गेटजवळ लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यात सोनकांबळेचं नाव घ्या, म्हणून मी सर्व्हिसमध्ये असेपर्यंत अर्ज करत राहिले. मदतकार्य लढाईत मोजत नाहीत, असं उत्तर यायचं. म्हणून इथे लिहिते.

नाईक सिद्धार्थ सोनकांबळे, ड्रायव्हर, तालुका कंधार, जिल्हा नांदेड. औशाच्या पुढच्या पुलावर, ड्युटीवर असताना.