पाटलांच्या दारातली भिक्षा

तुमच्याकडे लोक सुट्टी काढून ध्यानाच्या शिबिराला जातात आणि ताजेतवाने होऊन परततात, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या गावी पहिलं शिबिर झालं, तेव्हा आमच्या घरात कुणी ताजंतवानं झालं नाही. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता. क्रमाने सांगते.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी जालन्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत हसनाबादजवळच्या आमच्या गावी आले होते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुमच्या आईचा मामा, औरंगाबादला कॉलेजात होता. आमच्या लोकांनी गावाबाहेर पत्र्याचा विहार बांधला होता. तिथे विदर्भातून एक भंते आले आणि कॉलेजच्या मुलांचं श्रामणेर शिबिर सुरू झालं. श्रामणेर म्हणजे थोड्या दिवसांपुरता भिक्खू. माझ्या भावासकट सगळ्या मुलांनी डोकी भादरली, भिक्खूंचं चीवर नेसलं. दुपारनंतर जेवण बंद, बोलणंही जवळजवळ बंद.

भंते फार कमी बोलत. आबांना, माझ्या वडिलांना, हेच खटकत होतं. "तोंड मिटून बसतो. पोटात काय हाय, कुनाला ठावं?" पोरांना घरच्यांशी का बोलू देत नाहीत, हे मलाही कळत नव्हतं. काही ना काही निमित्त काढून मी विहाराकडे चक्कर मारून यायची.

एकदा कुंपणाशी भाऊ हळूच म्हणाला, "ताई, उद्यापासून गावात भिक्षेला जायचंय. पात्र घेऊन दारोदार. आबाला तूच सांग."

त्याचा चेहरा का उतरला होता, ते तुम्हाला सांगायला हवं. धम्म घेण्याआधी आमच्या लोकांच्या गळ्यात गावकीची कामं होती आणि त्याबदली घरोघर भाकरी मागून आणायची. देणारी बाई उंबऱ्याच्या आतून, हात उंच धरून, टोपल्यात भाकर टाकायची. शिवाशिव नको म्हणून. भाकर बहुतेक शिळीच. आबा तरुणपणी ते टोपलं घेऊन फिरले होते. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी ते चुलीत घातलं.

मी सांगितलं तेव्हा आबा कडबा रचत होते.

"भीक?"

"भिक्षा, आबा. ते वेगळं असतं."

"तुझ्या इंग्रजीत आसंल वेगळं. टोपल्याचं पातेलं केलं म्हनून भाकर बदलती का?"

तसेच उठून ते विहारावर गेले. मी मागोमाग. "आपल्या वस्तीत फिरा, बिलकुल ना न्हाई," ते भंतेंना म्हणाले. "वर गावात काहून?"

"दारं निवडायची नसतात," भंते म्हणाले. "वाटेत येईल ते घर."

"पाटलाचं बी?"

"वाटेत असेल तर तेही."

त्याच संध्याकाळी पाटलांच्या गड्याने वस्तीत निरोप आणला, 'आमचं दार चुकवू नका.' मग तर आबांची खात्रीच झाली. "बघा! आधीच ठरलंय ह्यांचं. पुन्हा आपल्याला दारात उभं करायचंय." आई म्हणाली, "निवडनूक जवळ आली आसंल."

आबा परत कुंपणाशी गेले आणि भावाला म्हणाले, "त्या दारी पातेलं धरलंस, तर माझ्या दारी यायचं न्हाई." भावाचं मौन होतं. तो नुसता खाली बघत राहिला आणि आबा आणखीच भडकले.

सकाळी मी गल्लीच्या कडेने चालत राहिले. पुढे भंते, त्यांच्यामागे माझा भाऊ, मग बाकीची मुलं. पाटलांच्या घरासमोर आबा आधीच येऊन उभे होते. पाटलीणबाई गरम भाकरी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात वर गेला. जुन्या सवयीने की मुद्दाम, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

भंतेंनी पात्रावर झाकण ठेवलं. मागे भावानेही ठेवलं.

"घ्या की, गरम हाय," आतून कुणी ओरडलं. गल्लीतला एक म्हणाला, "महाराज रुसले!" दुसरा म्हणाला, "मंग जावयासारखी मनवनी करा!" लोक हसले. भंते हलले नाहीत. माझा भाऊ घामाघूम झाला होता, पण त्यानेही झाकण काढलं नाही.

शेवटी पाटलीणबाई उंबरा ओलांडून पायरी उतरल्या आणि वाकल्या. भंतेंनी झाकण काढलं. मग भावाच्या पात्रातही त्यांनी हाताने भाकर ठेवली.

मुलं विहारात जेवायला बसली तसे आबा आत आले. त्यांनी सरळ भावाच्या पात्रात हात घालून त्या भाकरीचा तुकडा मोडला, दाबला, हुंगला.

"ताजी हाय." मग भंतेंकडे वळून, "पन ती का उतरली? लोक बघून राह्यले होते म्हनून उतरली."

"असेल," भंते म्हणाले.

आबांना उपदेशाची अपेक्षा होती. ते जरा गोंधळले. मग भावाला म्हणाले, "उद्या पहिली भिक्षा आपल्या घरची घ्यायची. मंग कुठं बी जा. म्या मागं येनार. ज्या बाईचा हात वर जाईल, तिथं झाकन बराबर लागलं पायजे."

दुसऱ्या दिवशी आईने पहिली भाकर भावाच्या पात्रात वाढली. चीवरातल्या मुलाला आईबापांनी वाकून नमस्कार करायचा असतो. आबा वाकले, पण डोळे वर करून भंतेंकडे बघत. मग त्यांनी चपला घातल्या आणि रांगेच्या मागून चालू लागले.